आरपार पिंप

एउदोसिया चिकाइसाने अकरा वर्षं आमच्या पुग्योपांबा गावाचं पाणी सांभाळलं. तेही फुकट. आमच्या झऱ्यात लोखंड फार. पाणी तसंच वापरलं तर धुतलेली चादर तांबडी पडते आणि शिजवलेला मका गंजल्यासारखा दिसतो. म्हणून दर दुसऱ्या सोमवारी ती टेकाडावरच्या खोलीत जायची, काळ्या पिंपात परमँगनेटचे खडे विरघळवायची आणि ते जांभळं औषध थेंबथेंब टाकीत सोडायची. पुढे पाणी वाळूतून गाळून गावात उतरायचं. एउदोसियाची बोटं कायम तपकिरी. परक्या माणसाला वाटे, बाई विडी ओढते.

संशयाचं बी पेरलं रोसाउराने. रोसाउरा तिची कोमाद्रे. एउदोसियाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या दिवशी हिनेच हातावर घेतलेलं, म्हणजे नातं सख्ख्याहून घट्ट.

"काळ्या पिंपात ती काय घालते, कुणी बघितलंय?" भर सभेत रोसाउरा म्हणाली. "मी म्हणत नाही की ती चोरते. मी म्हणते, दिसू दे."

"ये की वर, दाखवते."

"एवढा चढ चढायला माझे गुडघे काय तुझ्या शेळीचे आहेत?"

सभा खदखदून हसली. पाणी मंडळाचे म्होरके एरिबेर्तो, ज्यांना सगळे तायता, म्हणजे बाबा, म्हणतात, मात्र गंभीर झाले. "पाणी सगळ्यांचं आहे, तर सगळ्यांना दिसलं पाहिजे," म्हणाले. ठरलं. काचेसारखं आरपार पिंप आणायचं आणि खोलीबाहेर, चौकातून दिसेल अशा चौथऱ्यावर ठेवायचं. झाकणाला कुलूप, किल्ली एउदोसियाकडे. सगळे हात वर गेले, एउदोसियाचासुद्धा. सभेची वही मीच लिहिते, म्हणून ठामपणे सांगते.

सोमवारी नवं पिंप भरलं तेव्हा गाव खूश. सकाळचं ऊन पडलं की ते जांभळं असं पेटायचं की बायका म्हणायच्या, "मेलेल्यांच्या सणाची जांभळी पेज, कोलादा मोरादा, कुणी टेकाडावर उकळायला ठेवलीय गं?"

मग नवलाई ओसरली आणि वर बघायचं सगळ्यांनी सोडलं. पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी घंटा वाजली. अवेळी. मी पिठाच्या हातांनीच चौकात धावले, वर पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. जांभळं नाहीच! पिंपात तपकिरी पाणी, तळाशी गाळ. दोन दिवस घराघरात मका तांबडा निघत होता, त्याचं कारण डोळ्यांपुढे उभं होतं.

"गूळपाणी!" रोसाउरा किंचाळली. "औषध विकलं आणि गूळपाणी भरलं हिने!"

एउदोसिया धावत टेकाडावर गेली. कुलूप काढून तिने पाण्यात काठी फिरवली, वास घेतला, पुन्हा फिरवली आणि धापा टाकत चौकात आली. "भरलं त्या सोमवारी जांभळंच होतं," ती म्हणाली. "तुम्हीच बघितलंत ना?"

"बघितलं. मग बदललं कुणी? किल्ली कुणाकडे?"

"पाला आणा," मागून कुणीतरी म्हणालं.

आमच्याकडे चोराला भर चौकात गार पाण्याने न्हाऊ घालतात आणि अंगाची आग करणाऱ्या पाल्याने झोडतात. दोघीजणी बांधाकडे निघाल्याही. ज्या बाईने अकरा वर्षं पाणी पाजलं, तिच्यासाठी पाला?

"थांबा," एउदोसिया म्हणाली आणि घराकडे गेली. परत आली ती काळ्या लोकरी मोज्यात घातलेली बाटली घेऊन. मोजा ओढून काढला. बाटली जांभळी होती. गर्द.

"हे त्याच सोमवारचं. याच पिंपातलं."

तायता एरिबेर्तोंनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे तुझ्या घरी कसं?"



"घेतलं. दर खेपेला अर्धा लिटर घेते. अपोलिनारच्या पायाची जखम धुवायला. पलंगाखाली ठेवते." अपोलिनार तिचा नवरा.

रोसाउराचा जबडा खाली आला. "म्हणजे... तू खरंच चोरत होतीस? अगं, मी आपलं बोलायला बोलले होते!"

"चोरी अर्ध्या लिटरची, पिंपाची नाही. बाटली अंधारात होती, पिंप उन्हात. मला दुसरा काही फरक दिसत नाही. यातले चार चार थेंब लोखंड नसलेल्या पावसाच्या पाण्यात घाला, दोन बाटल्या भरा. एक उन्हात ठेवा, एक रोसाउराच्या टोपीखाली."

"माझीच टोपी का?"

"तुझ्या टोपीला हात लावायची कुणाची छाती आहे?"

तीन दिवस गाव त्या बाटल्यांवर पहारा देत बसलं. रविवारी टोपी उचलली. खालची बाटली गुलाबी-जांभळी, जशी भरली तशी. उन्हातली मळक्या चहासारखी. बायकांनी छातीवर क्रूस काढला. मी खड्यांचा डबा मागवला, डागांखालची बारीक अक्षरं खरवडून वाचली आणि माझे कान तापले. उजेडापासून दूर ठेवा. ऊन त्या जांभळ्याला फोडतं, त्यातला प्राणवायू उडून जातो आणि तपकिरी गाळ उरतो. अकरा वर्षं डबा गावात होता. काळं पिंप उगाच काळं नव्हतं. मी लिहिणारी-वाचणारी, आणि मीही वाचलं नव्हतं.

एउदोसियाने किल्ली सभेच्या टेबलावर ठेवली. "अर्ध्या लिटरची शिक्षा सांगा."

"एक रविवार पाटाचा गाळ काढायचा," तायता म्हणाले.

"कबूल. आणि आरपार पिंपासाठी ज्यांनी हात वर केले, त्यांना काय?"

तायतांनी माझ्या वहीकडे पाहिलं. मी पान उलटलं.

"वाचू नकोस गं," रोसाउरा पुटपुटली. "सगळेच आहोत. सगळेच काढू गाळ."

तायतांनी किल्ली बोटाने एउदोसियाकडे सरकवली. तिने ती उचलली नाही.

"अपोलिनारची जखम अजून भरलेली नाही. उद्या मी पुन्हा अर्धा लिटर घेणार, पण तुमच्यासमोर. चालणार असेल तर हात वर करा, नाहीतर किल्ली दुसऱ्याला द्या."

अपोलिनार दोन वर्षं घराबाहेर पडला नव्हता. का, ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. एकेक हात वर जायला लागला. रोसाउराचा गेला नाही. ती उठली, टोपी डोक्यावर ठेवली आणि एउदोसियाच्या घराकडे चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"आधी पाय बघते त्याचा," मागे न वळता ती म्हणाली. "तू किल्ली उचल आणि ये."