पुढच्या सीटवर शोभाबाई

हळ्ळीखेडच्या बसस्टँडजवळ भीमराजचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एकाहत्तर साली गॅस वेल्डिंगचा कार्बाइडचा डबा फुटला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. सोलापूरच्या दवाखान्यातून परत येताना कंडक्टर बसमध्ये ओरडला, "ए, आंधळ्याला जागा द्या की!" जागा मिळाली, पण भीमराज बसला नाही. हुमनाबादपर्यंत दांडी धरून उभा राहिला. त्यानंतर तो बसची पायरी चढला नाही.

त्याची थोरली बहीण राजूबाई कडगंचीला दिलेली होती. आई लवकर गेल्यामुळं तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. अपघाताचं कळल्यावर ती धावत येईल असं त्याला वाटलं. तिचा नुसता निरोप आला, "मला त्याच्याकडं बघवायचं न्हाई." तीन वर्षं अशीच गेली. दुकान त्याची बायको शोभाबाई चालवू लागली. भीमराज चाक चाचपून दोष सांगायचा, ती पाना फिरवायची. कामापलीकडं त्याचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं.

एका सकाळी तोच म्हणाला, "अक्का येत न्हाई. मग आपून जाऊ."

"बसनं?"

"न्हाई. सायकलीनं. दोगं मिळून."

दोन जुन्या सायकली जोडून एक लांब सायकल करायची, असं त्याच्या मनात होतं. त्यानं दोरीला गाठी मारून मापं घेतली आणि बैलगाडीनं सायकली नेऊन हुमनाबादच्या निंगप्पा वेल्डरकडं काम दिलं. गॅस पेटल्याचा आवाज आला तसा भीमराजनं दुकानाचा खांब घट्ट धरला. पण तो तिथून हलला नाही.

निंगप्पानं विचारलं, "म्होरं कोन बसनार?"

"ही."

"बाई चालवनार अन् तुमी मागं?"

"डोळे तिच्याकडं हायत, निंगप्पा."

शोभाबाईनं जन्मात सायकल चालवली नव्हती. गावाबाहेरच्या रिकाम्या रानात ती पहाटे शिकली. गुडघे फुटले, लुगडं चेनमध्ये अडकून फाटलं, बघणारे हसले. ती पदर खोचून पुन्हा बसायची. एकटीला जमल्यावर तिनं भीमराजला मागं बसवलं.

हिवाळ्यात एका सकाळी दोघं निघाले. शोभाबाईनं बांधलेलं गाठोडं भीमराजनं हातात तोलून पाहिलं.

"एवढं काय घेतलीस? चढाला जीव जाईल."

तिनं जास्तीचं लुगडं काढलं, पितळी तांब्या काढला. बदलायच्या कपड्यांचा एक-एक जोड, भाकरी, शेंगाची चटणी, पंप, पाना आणि पंक्चरचं सामान राहिलं. नणंदेसाठी घेतलेला खण मात्र तिनं काढला नाही.

हुमनाबादपर्यंत रस्ता बरा होता. पुढं चढाला दोघं उतरून चालले. कमलापूरच्या अलीकडं उतार लागला. पुढचा ब्रेक शोभाबाईच्या हातात होता, मागचा भीमराजच्या. सायकलनं वेग घेतला आणि वळणावर म्हशी आडव्या आल्या.

"धरा! अवो, धरा!" शोभाबाई किंचाळली.

भीमराजनं ब्रेक दाबला. सायकल घसरत जाऊन म्हशींपासून हातभर अंतरावर थांबली. शोभाबाई उतरली, रस्त्याच्या कडेला बसली आणि हमसून रडायला लागली.

भीमराज आवाजाच्या रोखानं तिच्याजवळ गेला. "लागलं का? परत फिरायचं का?"

"लागलं न्हाई," ती म्हणाली. "तीन वर्सं झाली, सगळं मीच बघायलीय. दुकान, घर, रस्ता. अन् तुमी गप. मागं कुनी हाय का न्हाई तेच कळंना मला. मला भ्या वाटतंय."

भीमराज तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "माजंच दुःख मोटं समजत बसलो मी."

"फिरायचं न्हाई," तिनं डोळे पुसले. "पर बोलत ऱ्हावा."

मग तो बोलत राहिला. काय पेरलंय विचारायचा. ती सांगायची, ज्वारी, करडई, हरभरा. कमलापुरात आपल्या समाजातल्या एका घरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्यावरून ते कडगंचीला पोचले.

राजूबाईनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि ती घरात शिरली. भीमराज दारातल्या दगडावर बसला.

"अक्का, नगं बघूस माज्याकडं. नुसती जवळ ये."

ती तोंडावर पदर ओढून बाहेर आली. भीमराजनं हात पुढं केला. गालाची हाडं हाताला लागली, समोरचे दात गेलेले कळले.

"किती वाळलीस गं, अक्का!"

तिनं पदर बाजूला केला. डोळ्यांभोवती भाजल्याचे डाग होते, बाकी चेहरा तिच्या भीमाचाच होता. तीन वर्षं तिच्या मनात सगळा जळालेला चेहरा होता.

"तसाच हायस की रे," म्हणत तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं. अपघातानंतर भीमराज पहिल्यांदा तिथं रडला.

पुढच्या वर्षी राजूबाई आपण होऊन हळ्ळीखेडला आली. नवरा वारल्यावर ती भावाकडंच राहिली. शेवटच्या दुखण्यात शोभाबाईनं तिचं सगळं केलं, आणि शेवटचं पाणी ती भीमराजच्या हातून प्याली.