सोडलेल्या घरातला झिरोचा बल्ब

राहत नसलेल्या घरात इतक्या निष्ठेने राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे आमचे भाडेकरू. घाटनांदूरला आमच्या घराला लागून आमच्याच दोन खोल्या होत्या. तिथे ते बरीच वर्षं राहिले आणि मग रेल्वे स्टेशनपलीकडे स्वतःचं घर बांधून निघून गेले. पण लाइटीच्या ऑफिसातल्या कागदांवर ते आमच्याच खोल्यांत राहत होते आणि तिथलं बिल त्यांच्याच नावावर येत होतं. गावातली जुनी माणसं अजून त्यांचा विषय निघाला की हसून म्हणतात, "कोण, ते थकबाकीदार सचिव का?" ते हसणं थांबावं म्हणून मी लिहायला बसलो आहे. हे काम दुसऱ्या कुणाला जमणारं नाही, कारण त्या बिलातली वीज माझ्याकडे जळत होती.

ते दूध सोसायटीचे सचिव होते. जगातली कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय घडलेली नसते, असं त्यांचं मत होतं. एकदा आमच्या म्हशीने दावं तोडून त्यांच्या अंगणातली वाळत घातलेली ज्वारी खाल्ली. दुसरा कुणी असता तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. त्यांनी मला अर्ज दिला. विषय : आपल्या म्हशीच्या वर्तनाबाबत. मी तोंडी माफी मागितली, तर मान हलवून म्हणाले, "मालक, लेखी द्या. म्हस उद्या नाकबूल करंल." भाडं द्यायला ते पहिल्या तारखेला आंघोळ करून, टोपी घालून येत आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून देत. आत या म्हटलं तर म्हणत, "बसलो की च्या येतो, आन् च्या पिऊन भाडं दिलं की ते भाडं ऱ्हात न्हाई, आहेर व्हतो." विजेचं मीटर त्यांनी हट्टाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मालकाच्या मीटरवर राहणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं त्यांना वाटे. रोज संध्याकाळी ते मीटरचा आकडा भिंतीवर खडूने लिहीत. पाहुणा आला की पंखा लावत आणि पाहुण्याला तो आवर्जून दाखवत. तो बिचारा थंडीत कुडकुडत असला तरी पंखा चालूच. पाहुण्यासाठी जळलेली वीज ही एकच वीज त्यांना खर्च वाटत नसे.

त्यांचं घर सोडणं हा गल्लीचा सोहळाच झाला. भिंतीतले खिळे स्वतःचे म्हणून त्यांनी काढून नेले आणि खिळ्यांची भोकं तुमची म्हणून चुना भरून परत केली. खोल्या झाडल्या, सारवल्या. आमच्या भागात सोडलेलं घर त्या रात्री अंधारात ठेवत नाहीत. चुलीपाशी मूठभर धान्य ठेवायचं, भिंतीतल्या देवळीत दिवा लावायचा आणि मग कडी घालायची. तेलाचा दिवा वाऱ्याने विझेल म्हणून त्यांनी देवळीत झिरोचा बल्ब लावला. मीटर बंद करण्याचा अर्ज खिशात तयार होता, पण दिवा जळत असताना मीटर बंद म्हणून लिहिणं खोटं ठरलं असतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी द्यायचा ठरला. किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मालक, सकाळी उठल्या उठल्या बल्ब बंद करा. एका रातीचं बिल माझ्यावर. त्याच्या म्होरलं तुमचं."

सकाळी मी बल्ब बंद केला नाही. आई म्हणाली, "रिकामं घर हाय, जळू दे दोन दिवस." दोन दिवसांचे पुढे महिने झाले. त्यांनी अर्ज वेळेवर दिला होता, पण मीटर काढायला वायरमनने यावं लागतं आणि आमच्याकडे वायरमन पावसासारखा, येईल तेव्हा येतो. तेवढ्यात दुष्काळ पडला. गावचा आड आटला, टँकर येईनासा झाला. पाणी होतं फक्त आमच्या परसातल्या बोअरला, तेही अर्धा तास चालून दम टाकणारं. आणि माझं स्वतःचं मीटर बिल थकल्यामुळे काढून नेलेलं. मी भिंतीवरून एक वायर टाकली आणि मोटर त्यांच्या मीटरवर जोडली. सगळ्या गल्लीने पाहिलं. सगळ्या गल्लीने घागरी आणल्या. 

त्यांना कळण्याचा रस्ता नव्हता, कारण त्यांचा आणखी एक नेम होता. हिशेब मिटल्याशिवाय सोडलेल्या घराच्या गल्लीत पाऊल ठेवायचं नाही. आठवडी बाजारात मीच त्यांना बिल नेऊन देत असे. ते चष्मा पुसून वाचत आणि विचारत, "मालक, बल्ब बंद केला न्हवं?"

"केला की," मी म्हणत असे.

"मंग ह्ये मीटर कावून पळतंय?"

"मीटरच खराब असंल."

"आसंल, आसंल. मीटर बी माणसानंच केलंय," असं म्हणून ते बिलाची घडी खिशात घालत आणि सोमवारी अंबाजोगाईची एसटी पकडत. तिथल्या लाइटीच्या ऑफिसात त्यांना सगळे ओळखू लागले होते; त्यांची तक्रार चालू असल्यामुळे बिल थकूनही मीटर तोडलं जात नव्हतं. एकदा मीही बरोबर गेलो होतो. बाबू कंटाळून म्हणाला, "सचिवसाहेब, तुमी ऱ्हाता कुटं?"

"स्टेशनपलीकडं."

"मंग ह्या घरात कोण ऱ्हातंय?"

"बल्ब," ते म्हणाले.

बाबूने पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आपला मुद्दा मांडला. त्या एका रात्रीचा झिरोच्या बल्बचा खर्च त्यांनी काढून आणला होता, तो ते रोख भरायला तयार होते आणि बाकीचं बिल त्यांचं नव्हतं. बाबू म्हणाला, "एका रातीची पावती निघत न्हाई." "मंग निघत न्हाई आसं लिहून द्या," हे म्हणाले. बाबूने चहा मागवला. आमच्या सचिवांनी तो घेतला नाही. परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि ते मला समजावत होते, "माणूस वाईट न्हाई त्यो. त्याला आपलं घर बघाया मिळालं तर समजंल."

हे असंच चाललं असतं, पण सोसायटीची निवडणूक लागली. ते तोवर निवृत्त झाले होते आणि त्यांना संचालक व्हायचं होतं. कारण साधं होतं. मीटिंगमध्ये संचालक पाठीला टॉवेल लावलेल्या खुर्च्यांवर बसत आणि सचिव उभं राहून इतिवृत्त वाचत असे. "आयुष्यभर हुबं ऱ्हाऊन वाचलं मालक," ते मला म्हणाले, "एकदा बसून ऐकायचं हाय." मात्र उमेदवाराला लाइट, पाणी, घरपट्टी कशाचीही थकबाकी नसल्याचा बेबाकी दाखला जोडावा लागे. हा नियम ठरावात त्यांनीच घातला होता आणि तो घालताना अख्ख्या संचालक मंडळाशी भांडले होते. आता दाखला अडला होता तो त्या बिलावर. अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस जवळ आला तेव्हा लाइटीच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी अखेर हुकूम काढला. जागेवर जाऊन पंचनामा करा, घर रिकामं असेल तर मीटर काढा आणि यांना दाखला द्या.

मला कुणी कळवलं नाही. त्या सकाळी मोटर चालू होती, घागरींची रांग आमच्या दारापासून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि आज हिशेब मिटणार म्हणून कोपऱ्यावरून ते गल्लीत येत होते. नवं धोतर, इस्त्रीची टोपी, शेजारी सायकल ढकलत वायरमन. रांगेजवळ येऊन ते थांबले. मोटरचा आवाज ऐकला. मग त्यांची नजर वायरीवरून हळूहळू सरकत गेली. बोअरपासून भिंतीवर, भिंतीवरून त्यांच्या मीटरवर. मग माझ्यावर आली. मी हातातली नळी तशीच धरून उभा.

वायरमनने कागद काढला. "काय लिहू साहेब? चोरून मोटर चालू, आसं लिहितो. मालकावर केस व्हईल. मीटर आत्ता काढतो. तुमचा दाखला सांजच्याला हातात."

समोरच्या घरातली म्हातारी रांगेत पुढे होती. ती म्हणाली, "सचिव, लाइट तोडायची तर तोडा बाबा, पर माजी घागर भरू द्या आधी."

"टँकर कवा आलता?" त्यांनी तिला विचारलं.

"आठवत न्हाई," ती म्हणाली.

 मग हिशेब मिटायच्या आधीच ते पायरी चढले, कडी काढून आत गेले. देवळीत बल्ब जळत होता. बाहेर आल्यावर वायरमनला म्हणाले, "लिहा. भाडेकरूचा वापर चालू हाय."

"तुमी ऱ्हाता का हितं?"

"तुमच्या ऑफिसात तर ऱ्हातोच की. लिहा."

वायरमनने डोकं खाजवलं आणि लिहिलं. यांनी वळणदार सही केली, खाली तारीख घातली. मग म्हातारीला म्हणाले, "आक्का, माज्याच लाइटीचं पाणी हाय, तांब्याभर द्या." उभ्या उभ्या तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या. जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच म्हणाले, "बल्ब बंद केला म्हणलतात, मालक."

त्यांचा अर्ज बाद झाला. छाननीच्या दिवशी नव्या सचिवाने तो नियम मोठ्याने वाचला आणि वाचताना एक ओळ गाळली. मागून आमचे भाडेकरू उठले आणि गाळलेली ओळ पाठ म्हणून दाखवली. लोक पोट धरून हसले. मी त्या हसणाऱ्यांत होतो. गल्लीतले आणखीही होते. खरं सांगायचं तर प्रत्येकाला आपापली घागर सांगावी लागली असती, म्हणून कुणी सांगितलं नाही. पाऊस झाल्यावर मी माझं मीटर जोडून घेतलं, त्यांच्या नावचं बिलही भरून टाकलं, पण गुपचूप. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुन्हा निवडणूक आली तेव्हा त्यांनी अर्जच नेला नाही. टॉवेलच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत.

परवा त्यांच्याकडे जाऊन आलो. आता त्यांना फार दिसत नाही. मी सांगितलं की हे सगळं लिहून काढतो आहे, तुमच्या नावानिशी नाही, पण गावाला कळेल असं. 

"लिहा," ते म्हणाले. "पर त्या एका रातीचं माजं हाय. त्ये तुमच्यावर घेऊ नका."

मी मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना ती दिसली नसेल, म्हणून "बरं" म्हणालो.

निघेपर्यंत दिवस मावळला होता. मी नको म्हणत असताना ते दारापर्यंत आले, भिंत चाचपत बटण शोधलं आणि बाहेरचा दिवा लावला. मी म्हणालो, अजून उजेड आहे, मला दिसतंय. "असू द्या," ते म्हणाले, "तुमी पाव्हणे." मी रूळ ओलांडले आणि मागे पाहिलं. ते दारातच उभे होते. मी कुठवर पोचलो हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं, त्यामुळे दिवा बंद कधी करायचा हेही त्यांना कळणार नव्हतं. तो बराच वेळ तसाच जळत राहिला असेल.