पिशवी घेऊन पीण्यात: घरभेटींचे बारा दिवस

बंगळूरला लोक हवा खायला जातात, बागा बघायला जातात. आम्ही गेलो ते परक्या घरांची दारं वाजवायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सामुदायिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी दोघींना बंगळूरला पाठवायचं ठरलं. कन्नडच्या भीतीनं वर्गात कोणी हात वर करेना. माझी मैत्रीण मीना हिनं स्वतःचा हात वर केला आणि दुसऱ्या हातानं माझाही.

पहाटेच्या लाल बसनं निघालो. जाणार असाल तर खिडकी डावीकडची घ्या, दुपारचं ऊन लागत नाही. दावणगिरीला बस थांबली की लोण्याचा डोसा खाल्ल्याशिवाय चढू नका. आम्ही दोन-दोन खाल्ले आणि कंडक्टरच्या शिव्याही. तुमकूर मागे पडलं आणि शहर सुरू होण्याआधीच कारखाने सुरू झाले. तेच पीण्या. लेथचा खडखडाट, जळक्या तेलाचा वास, आणि शेडच्या मागे कामगारांची घरं. आमचं काम तिथंच होतं. राहायला यशवंतपूरच्या बाजारामागे एक खोली होती, खाली कांद्याचं गोदाम. पहिले दोन दिवस डोळ्यांतून पाणी येत होतं, ते घरच्या आठवणीनं की कांद्यानं, सांगता येणार नाही.

आम्हाला शिकवणाऱ्या लक्ष्मीदेवी सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, चालायला भलत्याच जलद. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला कन्नड. मधे मोडकं हिंदी. घरात शिरल्यावर आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, साबणानं हात धुवायचे, मगच माणसाला हात लावायचा. हे पुस्तकात होतंच. पुस्तकात नव्हतं ते त्या रोज सांगायच्या, "पहले बैठो. बाद में पूछो." मला वाटायचं, बसत बसलो तर दिवसाची वीस घरं कधी होणार?

रविवारी सुट्टी. मराठाहळ्ळी हे नाव ऐकून आम्ही ठरवून टाकलं की तिथं मराठी लोक असणार. दोन बस बदलून गेलो. नारळाची झाडं, नाचणीची शेतं आणि एक चहाची टपरी. टपरीवाल्याला मराठीत नमस्कार केला, तर त्यानं आम्हाला परतीची बस दाखवली. आता तिथं काय गर्दी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

मराठी भेटलं ते आठव्या दिवशी, पीण्यातच. एका दारातून आवाज आला, "अगं, स्वल्प बस की! किती ते काम?" मी थबकलेच. घर शिंपीकाम करणाऱ्या जुन्या मराठी कुटुंबाचं होतं, कैक पिढ्या इथलंच. सासू यल्लूअक्का आणि आठवा महिना लागलेली सून रेणुका. मुलगा लेथवर पहिल्या पाळीला गेलेला. रेणुकाचा चेहरा सुजला होता, हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर काजवे चमकतात, म्हणाली. रक्तदाब पाहिला: एकशे साठवर एकशे दहा. नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, तर ती पांढरी गढूळ झाली. लघवीतून प्रथिनं जात होती; गरोदरपणात झटके येण्याआधीची हीच लक्षणं.

"आजच दवाखान्यात न्या," मी म्हटलं.

"सोमवारी नेऊ. रविवारी सीमंत आहे, ओटी भरायची आहे. लोकांना बोलावलंय."

"रविवारपर्यंत झटके आले तर दोघंही जातील!"

यल्लूअक्का उठल्या. "भरल्या घरात असलं बोलतीस? चल, नीघ."

मी पिशवीसकट बाहेर. लाजेनं आणि भीतीनं मला रडू फुटलं. दोन घरं पलीकडे मीनाबरोबर असलेल्या सिस्टर आल्या, माझं ऐकलं आणि मला घेऊन परत आत शिरल्या. यल्लूअक्कांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. कन्नडमध्ये विचारलं, तुम्हाला किती मुलं? बराच वेळ त्या दोघी बोलत राहिल्या आणि मी रेणुकाकडे बघत मिनिटं मोजत होते. मग यल्लूअक्का माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण मोठ्या इस्पितळात गेली बाळंतपणाला. आम्हाला दारातच थांबवलं. ती परत आली नाही. आत तिच्याजवळ कोणी नव्हतं."

मला एकदम समजलं की सीमंत हे कारणच नव्हतं.

"मी आत राहीन," मी म्हटलं. "रेणुकाचा हात सोडणार नाही. काय चाललंय ते तुम्हाला बाहेर येऊन मराठीत सांगेन."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सरी, चला," म्हणाल्या आणि पदर खोचला.

रिक्षात आम्ही चौघी. खड्डा आला की सिस्टर रिक्षावाल्याला झापायच्या. रेणुकाला लगेच भरती केलं, औषधं सुरू झाली. मी तासातासाला बाहेर येऊन सांगत होते: दाब उतरतोय, झटका नाही, पेज प्यायली. रविवारी यल्लूअक्का ओटीचं ताट घेऊन वॉर्डाच्या दारात उभ्या. वॉर्डच्या सिस्टरनी पाच मिनिटं दिली. बांगड्या मनगटात जाईनात, म्हणून त्या उशाशी ठेवल्या. शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी हळू आवाजात गाणी म्हटली. मंगळवारी मुलगी झाली, रेणुकाही सुखरूप. अगदी लहान, पण रडली ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. आमची परतीची बस बुधवारी होती.

सांगलीला परतले तेव्हा ट्रंकेत म्हैसूरपाक, बहिणीसाठी घेतलेली आणि मीच वापरलेली एक रेशमी ओढणी, आणि चाळीसेक कन्नड शब्द. घरी बातमी तयार होती: बाबांनी ओळखीच्या सर्जनकडे माझ्या नोकरीचा शब्द टाकला होता. मी नको म्हटलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "मग तू करणार तरी काय?"

"लोकांच्या घरी जाणार," मी म्हटलं.

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "चपला चांगल्या घे."