विटायला ठेवलेली रिळं

माझी आत्या रफू करते. तिच्या खिडकीत दोऱ्यांची रिळं उन्हात मांडलेली असतात. "विटायला ठेवलीत," ती सहज सांगते. अंगावर वापरून फिकटलेल्या कापडाला तितकाच फिकटलेला दोरा लागतो, नाहीतर दुरुस्ती लांबूनच ओरडते. तिच्या तोंडी रंग 'उडाला' म्हणजे वाया गेला. 'विटला' म्हणजे कामाला आला. मी कापडाच्या रंगांचंच शिक्षण घेतोय, म्हणून मला या शब्दाची फार गंमत वाटते.

त्या दिवशी तिच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, कारखान्यातला जुना सोबती आला. फाटकावर पहारा देतो. निळ्या कोटाच्या बाहीला इस्त्रीने भोक पाडलेलं.

"वहिनी, मेलो! उद्या साहेब गणवेश तपासणार. आधीच दोनदा बोलणी खाल्लीत. आता घरीच बसवतील."

आत्या खिडकीकडे वळली. तिथे गडद, चकचकीत रिळांची रांग.

"माझी रिळं?"

"सगळी विटली होती," काका खुशीत म्हणाले. "सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकली. नवी आणली तुला. बघ कशी झकास!"

सोबती पांढराफटक पडला. आत्या काकांकडे बघत राहिली. काकांच्या अंगावर तसाच निळा कोट होता. निवृत्त झाले तरी घरात तोच घालतात.

"काढा."

"काय?"

"कोट."

"अगं, इतकी वर्षं वापरलाय मी तो!"

"तीच वर्षं हवीत मला."

तिने खांद्यावरचा एक दोरा उसवून सोबत्याच्या बाहीवर ठेवला. जास्त फिका. काखेतला गडद. मनगटाजवळचा ठेवला आणि तो बाहीत हरवलाच. मग सुई एका धाग्यावरून, एका धाग्याखालून चालू लागली. शेवटी मी भोकाच्या जागेवरून बोट फिरवलं, बाही दिव्याजवळ नेली, उलटी करून पाहिली. भोक कुठे होतं ते मला सापडेना. काकांच्या उन्हापावसाचा तुकडा दुसऱ्याच्या बाहीत मुकाट मिसळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सोबती हसतच आला. "साहेबांनी बुटांना नावं ठेवली! बाहीकडे बघितलंसुद्धा नाही."

काका एक बाही आखूड झालेल्या कोटात खिडकीपाशी उभे होते. प्रत्येक रीळ उन्हाकडे फिरवत होते.

"विटली का गं?"

"इतक्यात?" आत्या म्हणाली. "फिरवत राहा."