वारोस म्हणजे ओझं

एव्दोकिया इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या आमच्या कारखान्यात लागली, तेव्हा तिला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तिचा नवरा स्तमातिस ग्रीक खलाशी. गोदीत काम मिळालं म्हणून तिला कासोस बेटावरून घेऊन आला, आणि पहिल्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. परत जावं तर बेटावर तिचं कुणी उरलं नव्हतं.

आम्ही बाया जहाजांसाठी हवेचा दाब नि उष्णता मोजायची यंत्रं जुळवायचो. तिचं नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून ती एव्ही झाली. जेवणाच्या सुट्टीत आमच्या गप्पा रंगायच्या. ती भिंतीकडे बघत पाव चावत बसायची.

एकदा मुकादम ओल्डरॉइड म्हणाला, "एव्ही, तो बॅरोमीटर आण बघू इकडे."

एरवी तिला बोटाने दाखवावं लागे. त्या दिवशी तिने बरोबर तोच उचलला आणि तबकडीवरचं नाव अक्षर-अक्षर लावत तिथेच थबकली. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "वारोस. वारोस."

ओल्डरॉइड घाबरला. हिला हृदयाचा झटका आला असं समजून त्याने तिला गाडीतून घरी पाठवलं. डॉक्टरला काहीच सापडलं नाही.

संध्याकाळी मी सूप घेऊन गेले. तिने बटाट्यांची पिशवी माझ्या हातात दिली, तशी वजनाने माझा हात खाली गेला. "वारोस," ती म्हणाली. मग वितीने टेबल मोजलं. "मेत्रो."

बॅरोमीटर! तिच्या 'वारोस'चाच आमच्या तोंडी 'बॅरो' झालेला; म्हणजे वजन मोजणारा. रोज तोंडात असलेला तो शब्द कुणाच्या तरी घरच्या बोलण्यातला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तिने पुन्हा छातीवर हात ठेवला.

"स्तमातिस?" मी विचारलं.

तिने डोळे मिटले.

पुढे चहाच्या कपाला हात लावून तिने 'थर्मोस' म्हणजे गरम हे शिकवलं, नळाखाली ओंजळ धरून 'नेरो' म्हणजे पाणी. त्याच वाटेने मी तिला इंग्रजी शिकवलं. ती छान बोलू लागली, पण मैत्रीण माझ्याशिवाय दुसरी झाली नाही. मग लग्न होऊन मीही लीड्सला गेले.

कित्येक वर्षांनी भेटायला गेले, तेव्हा तिने सांगितलं, जहाजाचं यंत्र दुरुस्तीला घेऊन एक ग्रीक खलाशी आला होता. ओल्डरॉइडने तिला मुद्दाम बोलावलं.

"मग? खूप बोललीस?"

"तो भरभर बोलत होता," ती म्हणाली. "मला ग्रीक शब्दच सुचेनात. त्याला वाटलं, मी इंग्रजच आहे."