मोहरीचे वाफे

अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले.

मुलुंडला आमच्या चाळीमागे बंद काचकारखाना आहे. तिथल्या मातीत सेलेनियम नावाचं विष उतरलंय. ते शोषून घ्यायला कारखान्याच्या साहेबांनी मोहरी लावली होती. राखायला एक मालवणी बाई यायची. पाणी घालताना ती रोपांना म्हणायची, "खावा गो बायांनो, तुमच्या नशिबात ह्यांच आसा." जेवायच्या आधी कितीतरी वेळ हात घासायची.

एकदा शेजारणीने भाजीला पाला खुडला. बाईने जुडी हिसकावली. "विष आसा त्यात!"

"मग तू कशी जिवंत गं? हा पाला तूच बाजारात विकतेस ना?"

शेजारणीची पोरं लहान आहेत, पाला त्यांच्याच ताटात गेला असता. दुसऱ्या दिवशी बाईने सगळी मोहरी कापून गोण्यांत भरली. मोहरी अजून वाढायची होती, म्हणून साहेबांनी बाईला काढून टाकलं.

आता खुंटांना पुन्हा कोवळा पाला फुटलाय. काल शेजारीण तिथे वाकली. मी कधी मोठ्याने बोलत नाही, पण खिडकीतून ओरडले, "विष आसा त्यात!"

"आता तुला लागली काय ती नोकरी?" ती हसली आणि खुडतच राहिली.

मग मी खाली उतरले आणि खुंट मुळासकट उपटायला लागले.