दहाचा एमसीबी

काल दुपारी नवा एसी लावला, की पेटीतला एमसीबी टक्कन खाली पडायचा. मुलगा वर ढकलायचा, तो परत खाली. एवढासा खटका, पण ऐकायला तयार नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

"बाबा, दहा अँपिअरचा आहे हा. वीसचा बसवतो, मिटली कटकट," मुलगा म्हणाला.

"भिंतीतली वायर बारीक आहे, दीडची. वीसचा पडणार नाही आणि वायर आतल्या आत भाजेल. आधी जाड, चारची ओढ."

"भिंत फोडू? आत्ताच रंग दिलाय!"

सून आतून हसली. "बाबांना आणि एमसीबीला एकच येतं. नाही म्हणायचं!"

येतं की! माझी शाळा सुटली ती वायरी ओढायलाच, जन्मभर तेच काम केलं. सोसणारी भिंतीच्या आत असते, तिला तोंड नसतं. तिच्या वतीने कुणालातरी बाहेर अडून बसावं लागतं. लोक त्यालाच हट्टी म्हणतात, काढतात आणि मोठ्या मनाचा आणून बसवतात. मोठं मन, पण दुसऱ्याच्या जिवावर!

त्याच भिंतीला लागून माझ्या नातीचा पाळणा आहे.

मी पेटीखाली खुर्ची ओढली आणि बसलो. हे लिहितोय तेही इथेच बसून. बनियन घामाने चिंब झालंय. मुलगा दोनदा येऊन बघून गेला. त्याला सांगितलंय, येशील तर छिन्नी-हातोडा घेऊन ये. तोवर पेटीला हात लावायचा नाही.